हाज ताहरचा गुडघा

तांबट दुपारी, असरच्या नमाजानंतर, येणार होता. उस्ता हम्मादी एरवी सणाआधी सांगितलेलं काम सण उलटल्यावर करून देई आणि वर ईदच्या शुभेच्छाही देऊन जाई. पण आज तो नेमका वेळेवर उगवेल, अशी धास्ती लल्ला दूजाला सकाळपासून लागून राहिली होती.

फुलपाणी गाळायच्या दोन डेगांपैकी मोठी डेग उचलायची, दार शाबान गावी न्यायची आणि तिथं थोरल्या मुलाच्या, मुन्सिफच्या, नव्या घरामागं बांधून तयार असलेल्या भट्टीवर बसवायची, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मुन्सिफनं ठरवलं होतं. त्याच्याआधी ते त्याच्या बायकोनं, बेय्यानं, ठरवलं होतं. आणि धाकट्या शादलीनं "तुला योग्य वाटेल ते, खूया" असं म्हणून त्यावर शिक्का मारला होता. झाकूरांच्या घरात भाऊ भावाशी इतक्या अदबीनं बोलू लागला की समजावं, वाटणीच्या भिंतीची वाळू येऊन पडली आहे.

कारण सगळ्या नाबुल गावाला ठाऊक होतं. गेल्या हंगामातलं फुलपाणी फ्रान्सच्या अत्तरवाल्यांनी परत पाठवलं होतं. अत्यंत सुसंस्कृत शब्दांत त्यांनी कळवलं होतं की मालाला नारिंगाच्या फुलांचा वास आहेच, फक्त ती फुलं आधी कुणीतरी वाफवलेल्या गवताखाली झाकून ठेवली असावीत. तेव्हापासून घरात दोन पंथ झाले. मुन्सिफ सकाळी मोठी डेग चालवायचा, शादली दुपारी धाकटी. मुन्सिफच्या मते दुपारच्या भट्टीला जाळ जास्त होत होता. शादलीच्या मते सकाळच्या भपक्याचं, म्हणजे वाफ निववणाऱ्या भांड्याचं, गार पाणी वेळेत बदललं जात नव्हतं. हे दोघंही एकमेकांना कधी म्हणाले नाहीत. दोघंही आईला म्हणाले, वेगवेगळ्या वेळी, आणि दोघांनीही शेवटी "पण जाऊ दे, उम्मी" असं म्हटलं.

लल्ला दूजानं जाऊ दिलं, आणि आता डेगच जायची वेळ आली.

तिला डेगेचं तांबं नको होतं. तिला एवढंच हवं होतं की आपण डोळे मिटेपर्यंत फुलांची वाफ एकाच अंगणातून उठावी. हे बोलून दाखवलं असतं तर दोन्ही मुलं रडली असती, तिच्या हातांचे मुके घेतले असते, आणि डेग पुढच्या शुक्रवारी नेली असती.

शुक्रवार होता म्हणून जेवायला कुसकुस होता. सगळी एकाच थाळीभोवती बसली होती आणि जो तो आपल्या पुढ्यातली हद्द सांभाळून खात होता. बेय्यानं आपल्या बाजूचा मांसाचा तुकडा बोटांनी जावेकडं सरकवला. या घरात मांस सरकवणं म्हणजे एकतर माया असते किंवा निरोप. बेय्याचं दोन्ही होतं.

"घे गं सिहाम," ती म्हणाली. "उद्यापासून थाळी लहान होईल. तुम्हा स्फाक्सच्या लोकांना बरंच, बचत."

"आमच्याकडं थाळी लहान करत नाहीत," सिहाम म्हणाली. "पाहुणे कमी बोलावतात."

मुन्सिफला हसू आलं. ते त्यानं ताकाच्या पेल्यात लपवलं. लल्ला दूजानं ते टिपलं. वेगळं निघालेल्या माणसाला धाकट्या भावजयीच्या बोलण्यावर हसू येता कामा नये. म्हणजे अजून थोडी धुगधुगी होती.

सिहाम ही शादलीची बायको. स्फाक्स शहरात ती लोकांच्या कामांची चित्रं काढायची. गोदामात, दवाखान्यात, एकदा तर सार्डिनच्या कारखान्यात जाऊन बसायची, काम कुठून सुरू होतं, कुणाच्या हातातून कुठं जातं आणि कुठं अडतं ते कागदावर मांडायची, आणि मालकाला दाखवायची. पुढं सगळ्यांनी तेच काम त्याच एका रीतीनं करायचं. याला लोक पगार देतात, हे लल्ला दूजानं सोयरिकीच्या वेळी दोनदा विचारून घेतलं होतं. तिला वाटलं होतं, मुलीकडचे काहीतरी झाकताहेत.

गेल्या हंगामाच्या तोंडावर ती लग्न होऊन आली. नव्या सुनेला पहिल्या हंगामात भट्टीला हात लावू देत नाहीत; तिनं नवे कपडे घालून बाकावर बसायचं आणि आल्यागेल्याला दिसायचं, असा रिवाज. बेय्या तिच्या वेळी बसली होती आणि उत्तम दिसली होती. सिहामही बसली. पण ती दिसण्यापेक्षा बघण्याचं काम जास्त करत होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

जेवणं आवरल्यावर ती आतून कागदाची एक लांबलचक गुंडाळी घेऊन आली. कागद खाटकाकडचा होता. तिनं तो ओसरीच्या भिंतीवर मळलेल्या पिठाच्या गोळ्यांनी चिकटवला.

"तांबट यायच्या आत एकदा बघा," ती म्हणाली. "मग डेग न्यायची तर न्या. मी उचलायला हात लावीन."

कागदभर कोळशानं काढलेल्या पेट्या होत्या, आणि पेटीपासून पेटीकडं जाणारे बाण. दारात गाडी थांबण्यापासून बाटलीला बूच बसेपर्यंत झाकूरांचं सगळं काम तिथं उताणं पडलं होतं. लल्ला दूजा उठून जवळ गेली. ती आयुष्यभर त्या कामाच्या आत होती; ते बाहेरून कसं दिसतं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आपल्या घराचं छप्पर शेजाऱ्याच्या गच्चीवरून पहिल्यांदा बघावं, तसं तिला वाटलं.

प्रत्येकानं आधी स्वतःला शोधलं.

"यात मी कुठंय?" मुन्सिफनं विचारलं.

"नावं नाही घातलेली, सी मुन्सिफ. फक्त कामं. तुम्ही इथं आहात. 'भपक्याचं पाणी बदलणे.'"

"एवढाच?"

"नाही, इथंही आहात."

मुन्सिफनं वाकून वाचलं. "इथंही 'पाणी बदलणे'च लिहिलंय."

"ते पुन्हा बदलावं लागतं ना."

शादलीला हसू फुटलं. "तू हसू नकोस," सिहाम त्याला म्हणाली. "तू तर एका पेटीत उभाच आहेस. 'जाळ बघणे.' हात नाही, पाय नाही, नुसते डोळे."

"आणि ही वेगळी कशी?" लल्ला दूजानं विचारलं. बाकी सगळ्या पेट्या चौकोनी होत्या, एकच तेवढी मकरूदच्या वडीसारखी तिरपी, चार टोकांची.

"जिथं ठरवायचं असतं तिथं मकरूद, लल्ला. 'वास बरोबर आहे?' हो असेल तर बाण इकडं, नसेल तर परत मागं. त्या तुम्ही."

लल्ला दूजाला हे मनापासून आवडलं, म्हणून तिनं कपाळाला आठी घातली. "मकरूदमध्ये खजूर तरी असतो," ती म्हणाली.

मग तिला कागदावरचा काळा भाग दिसला. काही पेट्यांच्या आत सिहामनं कोळसा घासून सावली केली होती. "हे काय, सांडलं?"

"जिथं जिथं फुलं नुसती पडून असतात, तिथं तिथं काळं केलंय. कुणी त्यांना हात लावत नाही, कुठं नेत नाही. जितका वेळ पडून, तितकं काळं. फुलं झाडावरून उतरली तरी मरत नाहीत हो. पोत्यात दाबून ठेवली की तापतात. आतल्या आत शिजतात."

आता कुणीच स्वतःला शोधत नव्हतं. सगळ्यांचे डोळे त्या काळ्यावर गेले. मोठ्या डेगेपाशी जेमतेम एक पुसट रेघ होती. धाकट्या डेगेपाशीही तशीच. सगळा काळोख कागदाच्या सुरुवातीला गोळा झाला होता, दारात पोती उतरण्याच्या पेटीनंतर आणि तराजूच्या पेटीच्या आधी. तिथं एक मोठी पेटी होती, पूर्ण काळी. तिच्यावर कामाचं नाव नव्हतं.

"म्हणजे वास भट्टीवर लागलाच नाही," शादली हळूच म्हणाला. "तो आधीच लागलेला होता."

"दोन्ही डेगांत जाण्याआधी," मुन्सिफ म्हणाला.

लल्ला दूजानं दोघांकडं पाहिलं. गेल्या हंगामापासून पहिल्यांदाच एकानं दुसऱ्याचं वाक्य पुरं केलं होतं.

"पण या पेटीत काय आहे?" मुन्सिफनं बोट ठेवलं. "नाव का नाही लिहिलं?"

सिहामनं मान वळवली. ती बाकाकडं बघत राहिली.

ओसरीच्या कडेचा तो निळ्या फरशीचा बाक. फुलं घेऊन आलेल्या प्रत्येक बागवाल्यानं आधी त्यावर बसायचं. त्याला कॉफी द्यायची, आपल्याच फुलपाण्याचा थेंब टाकून. मागून दुसरा येणार असेल तर त्याची वाट बघायची, कारण पहिल्याला आधी उठवलं तर दुसऱ्याला वाटणार, आपण उरलेले. सगळे आले, सगळे प्याले, सगळ्यांच्या लेकीसुनांची चौकशी झाली, की मग पोत्यांना हात. नाबुलच्या सगळ्या बागवाल्यांत झाकूरांची ही अदब नावाजलेली होती. आणि ती लल्ला दूजाची होती.

हे मुन्सिफलाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण तो घाईघाईनं खाकरला. "तसं बघितलं तर पाणी माझ्याकडून कधीकधी उशिरा बदललं गेलंय," तो म्हणाला. "म्हणजे शक्यता आहे."

"नाही नाही, खूया," शादली म्हणाला. "जाळ माझाच जास्त होता. मला स्वतःला तेव्हाच वाटलं होतं."

"तुझा जाळ चांगला असतो."

"तुझं पाणी तर बर्फासारखं असतं."

"मी ऐकत्येय," बेय्या म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. कॉफी ती करायची. "ज्या गोष्टीवरून मला दार शाबानला वेगळी भट्टी बांधायला लावली, ती आता दोघंही स्वतःची म्हणून भांडताहेत. सरळ सांगा ना, माझी कॉफी वाईट."

"तुझ्या कॉफीला कोण वाईट म्हणतंय," मुन्सिफ म्हणाला.

"कुणीच काही म्हणत नाहीये. तेच तर बघत्येय मी."

घरातल्या युत्या अशा झरझर बदलत होत्या की लल्ला दूजाला कोण कुणाच्या बाजूला आहे हे उष्ट्या थाळीवरून सांगता येईना. एक मात्र लख्ख दिसत होतं. सगळी मिळून तिला वाचवत होती. आणि तिला वाचवायच्या नादात डेग जाणारच होती, कारण दोष नक्की कुणाचा हे उघड न बोलता वेगळं होणं, हाच त्यातल्या त्यात सभ्य मार्ग होता.

तेवढ्यात दाराशी गाडीचा भोंगा वाजला. हंगामाची पहिली फुलं आली होती. आम ब्राहीम, बेनी खियारचा बागवाला, लल्ला दूजाच्या गेलेल्या नवऱ्याच्या, हाज ताहरच्या, वेळेपासूनचा. त्यानं पोती अंगणात लावली, कपाळ पुसलं, सगळ्यांना सलाम केला आणि कुणी सांगायच्या आत आपल्या जागेवर, बाकाच्या उजव्या टोकाला, जाऊन बसला.

"भिंतीवर काय टांगलंय?" त्यानं विचारलं. "नवरीच्या मेंदीची नक्षी?"

"आमच्या घराची कुंडली आहे," लल्ला दूजा म्हणाली. बेय्या सवयीनं कॉफीच्या भांड्याकडं वळली होती. ती मध्येच थांबली. लल्ला दूजा पोत्यांकडं गेली. तिनं एका पोत्याची दोरी सोडली आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

आत ऊब होती. तापल्या लेकराच्या मानेला लागावी तशी. वरची फुलं टवटवीत, पांढरीशुभ्र, आतली घामेजलेली. या हातानं तिनं आयुष्यभर फुलं चाळली, पण ती चादरीवर पडल्यानंतर. पोत्याच्या पोटात हात घालायचं काम तिचं नव्हतंच कधी. ते हाज ताहरचं.

आणि मग तिला तो दिसला, हात पोत्यात असतानाच. गुडघा धरण्याआधीचा ताहर. गाडी दारात थांबली की धावायचा. पोतं स्वतः उचलून चादरीवर उपडं करायचा, फुलं दोन्ही हातांनी पांगवायचा, बागवाल्याशी बोलत बोलत, त्याच्याकडं न बघता. सगळी पोती रिकामी झाली की मग कंबरेवर हात ठेवून हाक मारायचा: दूजा, माणसं वाळली इथं, कॉफी आण. तराजू मात्र कॉफी संपेपर्यंत खुंटीवरून काढायचा नाही. कप हातात असलेल्या माणसासमोर तराजू धरला की तो पाहुण्याचा विक्रेता होतो, म्हणायचा.

तराजू. अडवलेला होता तो तराजू. फुलं कधीच नाही.

पुढं गुडघा धरला. वाकता येईना. आणि ताहर समोर बसलेला असताना त्याच्या फुलांना दुसऱ्यानं हात लावावा, एवढी छाती घरात कुणाची नव्हती. मग तो आधी बसू लागला. बसला की कॉफी आली, कॉफी आली की गप्पा आल्या. गुडघा सैल झाला की उठायचा, तोवर फुलं थांबायची. तेव्हा चार बागवाले यायचे, चालून जायचं. तो गेला. गुडघा त्याच्याबरोबर कबरीत गेला, थांबणं मात्र घरात राहिलं. मग अत्तरवाले आले, किनाऱ्यावरच्या सगळ्या बागा दाराशी येऊ लागल्या, थांबणं वाढत गेलं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला अदब असं नाव दिलं. सिहाम ज्याला कामाची एकच ठरलेली रीत म्हणते, ती या घरात होतीच की. तंतोतंत पाळलेली, पिढीकडून पिढीकडं दिलेली. एका दुखऱ्या सांध्याची.

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. दोन्ही तिनं पोत्याकडं तोंड करून उरकलं.

"सिहाम," ती वळून म्हणाली. "पेटीतून चादरी काढ. धुतलेल्या. शादली, हे पोतं धर. मुन्सिफ, तू ते."

कुणी हललं नाही. आम ब्राहीमनं आपल्या रिकाम्या हाताकडं पाहिलं, जिथं आतापर्यंत कप असायला हवा होता.

"लल्ला," तो जपून म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"चुकलं तर. स्वतः सावलीत बसलास आणि लेकींना पोत्यात कोंडून उभं केलंस. ब्राहीम, या दाराशी तुझ्याबरोबर फुलंही आली. ती तुझ्याहून नाजूक आहेत. त्यांना आधी बसू दे."

आम ब्राहीमनं विचार केला. झाकूरांकडं आधी काय आणि मग काय, हे त्याला त्यांच्याहून चांगलं पाठ होतं. "आणि तराजू?"

"खुंटीवर आहे. तुझा कप संपल्याशिवाय कुणी हात लावला तर मला सांग."

"मग हरकत नाही," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, चादरींवर फुलं पांगताना बघून, "हाज सुरुवातीला असंच करायचा. मला वाटलं, पुढं तुम्ही मोठे झालात म्हणून बदललं."

मुन्सिफ आणि शादली एकाच चादरीच्या दोन टोकांना धरून उभे होते; फुलं पसरली की चादर दोघांनी मिळून झटकावी लागते, एकट्याला जमत नाही.

बेय्या कॉफीचं भांडं घेऊन भिंतीपाशी उभी होती. "या कागदात माझी कॉफी कुठंय मग?" तिनं सिहामला विचारलं. आवाजात कुरकुर होती, पण ती खरोखर विचारत होती.

सिहामनं कोळसा उचलला. दारातल्या पेटीपासून तिनं दोन बाण काढले, एक वर, एक खाली. वरच्या पेटीत लिहिलं, 'फुलं पसरणे'. खालच्या पेटीत लिहिलं, 'कॉफी'. मग दोन्हींचे बाण तराजूपाशी आणून मिळवले. "दोन्ही कामं एकाच वेळी. आणि दोन्ही झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. फुलं पसरली पण कॉफी राहिली, तरी तराजू अडला."

"म्हणजे मी अडवू शकते."

"तुमच्याशिवाय बाण पुढं जातच नाही."

बेय्यानं ते दोनदा वाचलं. मग आम ब्राहीमचा कप काठोकाठ भरला.

उस्ता हम्मादी असरनंतर वेळेवर आला. बरोबर दोन माणसं, दोर आणि हातगाडी. अंगणात पाय ठेवताच तो थबकला, कारण पाऊल टाकायला जागा नव्हती. जिथं तिथं पांढरं झालं होतं आणि वास असा होता की त्याच्या माणसांनी आपसूक चपला काढल्या.

"कुठली डेग काढायची?" त्यानं विचारलं.

सगळी मुन्सिफकडं बघू लागली, आणि मुन्सिफ बेय्याकडं. बेय्या कपबशा पुसत होती. पुसलेलीच बशी तिनं पुन्हा पुसली.

"काढायची नाही, उस्ता," मुन्सिफ म्हणाला. "आतून कलई गेलीये. कलई करून द्या."

"कलईला हातगाडी कशाला आणायला लावली?"

"ती आमची चूक. बसा आधी, कॉफी घ्या."

"आणि दार शाबानची भट्टी?" बेय्यानं बशीकडं बघतच विचारलं. "गवंड्याला पैसे मोजलेत मी."

"तिथं भाकरीचा ताबूना बसव," लल्ला दूजा म्हणाली. "शुक्रवारची भाकरी तुझ्याकडून येत जाईल. माझी या घरात कुणाला चावता येत नाही, फक्त सांगत नाहीत."

'नाही' असं कुणी म्हणालं नाही. तीही अदबच.

ऊन उतरलं तशी धाकट्या डेगेखाली शादलीनं जाळ घातला, आणि मुन्सिफ, ज्याची पाळी सकाळची होती, भपक्याचं पाणी बदलायला न सांगता उभा राहिला. पहिला थेंब पडला तेव्हा लल्ला दूजानं तो बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि बराच वेळ डोळे मिटून राहिली. गवत नव्हतं. मकरूदच्या आकाराच्या त्या पेटीतून तिनं बाण पुढं जाऊ दिला.

मग ती भिंतीपाशी गेली. सिहाम जुन्या रेघा कोरड्या फडक्यानं पुसत होती.

"ही काळी पेटी?"

"आता लागत नाही ती. पुसून टाकते."

"पुसू नकोस," लल्ला दूजा म्हणाली. "त्यात लिही, ताहर."

सिहामनं सासूकडं पाहिलं. स्फाक्सला तिनं कितीतरी मालकांना अशा पेट्या दाखवल्या असतील. कुणी चिडलं असेल, कुणी पगार दिला असेल. हे मात्र तिला कुणी सांगितलं नसावं.

"पण लल्ला, तिथं काही काम होत नाही."

"नाही ना. बसू दे त्याला तिथं. बाण बाजूनं ने."

सिहामनं काळ्यावर बोटानं खरवडून पांढऱ्या अक्षरांत नाव लिहिलं, आणि दारापासून निघालेला बाण त्या पेटीला धक्का न लावता वळवून चादरींकडं नेला. जिथं तो वळला, तिथं त्याला एक कोपरा आला. नीट पाहिलं तर गुडघ्यासारखा, अगदी सहज वाकलेला.